शंका आली की आधी तारीख लिहा: नागपुरात लैंगिक आरोग्याची तपासणी, उपचार आणि बचाव

लैंगिक आजाराची शंका आलेला माणूस नागपुरात बहुतेक वेळा एकाच वाटेनं जातो. पहिले दोन-चार दिवस मोबाईलवर वाचण्यात जातात. मग घरापासून लांबचं औषधाचं दुकान गाठून, अर्धवट सांगून गोळ्या घेतल्या जातात. त्यानं फरक पडला नाही की मित्र सांगेल तो 'स्पेशालिस्ट', आणि महिना-दीड महिन्यानं कधीतरी मेडिकलची (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची) त्वचारोग ओपीडी. म्हणजे जिथं तपासणी फुकट होते आणि नाव बाहेर जात नाही, ती जागा सगळ्यात शेवटी येते. तोवर पैसे गेलेले असतात आणि औषध कामाला येण्याचे दिवसही.

समुपदेशकाच्या खुर्चीत मी बरीच वर्षं काढली. समोर बसलेल्याला मी आधी 'कधी' विचारायची; 'कोणाशी' आणि 'कसं' नंतर. या विषयात जवळपास सगळं तारखेवर ठरतं: कोणतं औषध आज घेता येईल, कोणत्या चाचणीला आज अर्थ आहे, कोणती पुढच्या महिन्यात पुन्हा करावी लागेल. म्हणून पहिलं काम हेच. संबंध आला ती तारीख आणि अंदाजे वेळ कुठंतरी लिहून ठेवा. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये नुसता एक टिंब टाकला तरी चालेल.

पहिले ७२ तास

कंडोम फाटला किंवा निसटला, वापरलाच नाही, वापरलेली सुई टोचली, जबरदस्ती झाली, आणि समोरच्याला एचआयव्ही आहे की नाही हे माहीत नाही, तर थांबायचं नाही. एचआयव्हीचा विषाणू शरीरात घर करण्याआधी त्याला अडवणारी औषधं असतात. या औषधांना पेप म्हणतात. पहिली गोळी जितक्या लवकर तितकी बरी, पहिल्या दोन तासांत मिळाली तर उत्तम, आणि कितीही झालं तरी ७२ तासांच्या आत. नंतर गोळ्या रोज, २८ दिवस, न चुकता. पाच दिवसांनी 'मला तर काहीच होऊन नाही राहिलं' म्हणून सोडून देणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका.

रात्री अकरा वाजता ओपीडी बंद असते, त्यामुळे सकाळची वाट न पाहता मेडिकल किंवा मेयोच्या (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) कॅज्युअल्टीत जा आणि स्पष्ट शब्दांत 'पेप पाहिजे' म्हणा. ड्युटीवर सुई टोचलेले कर्मचारी आणि लैंगिक अत्याचार झालेली व्यक्ती यांच्यासाठी ही औषधं सरकारी रुग्णालयात मोफत असतात. इतरांनीही तिथं किंवा एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या केंद्रात, विचारावं. तिथून नाही मिळालं तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन चिठ्ठी लिहून देऊ शकतात, औषध विकत मिळतं. 'आधी माझी एचआयव्ही टेस्ट होऊ दे, मग बघू' असं म्हणून दिवस घालवू नका. त्या दिवशीची टेस्ट फक्त तुम्हाला आधीपासून लागण होती का एवढंच सांगते.

अत्याचाराच्या बाबतीत दोन गोष्टी पक्क्या ठेवा. कोणतंही रुग्णालय, सरकारी असो की खासगी, उपचार नाकारू शकत नाही आणि त्याचे पैसेही मागू शकत नाही. उपचारासाठी आधी एफआयआर हवी, ही अटही नाही. शक्य असेल तर आंघोळ न करता, कपडे न धुता जा. पण आंघोळ झाली म्हणून जायचं टाळू नका.

नको असलेल्या गर्भधारणेसाठीच्या तातडीच्या गोळीचा हिशेब वेगळा. तीही ७२ तासांच्या आत, पण तिनं कोणताही संसर्ग अडत नाही. एक गोळी घेतली आणि दोन्ही चिंता मिटल्या, असा समज कॉलेजच्या मुलामुलींमध्ये फार दिसतो.

कुठं जायचं आणि आत काय होतं

एचआयव्हीच्या मोफत चाचणीच्या जागेला आयसीटीसी म्हणतात, एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. मेडिकलमध्ये आहे, मेयोमध्ये आहे, गांधीबागेतल्या डागा रुग्णालयात बाळंतपणाच्या नोंदणीसोबतच ही चाचणी होते. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांतही ही सोय असते. गंमत अशी की काटोल-उमरेडचे लोक ओळख लपवायला नागपूरला येतात आणि नागपूरचे वर्ध्याला किंवा अमरावतीला जातात. जा, कुठंही चालतं. पत्ता अमुक जिल्ह्याचाच पाहिजे असं नाही. जायच्या आधी विचारायचं असेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे, नाव न सांगताही बोलता येतं.

आत काय होतं ते सांगते, कारण लोक दारातूनच परततात ते नेमकं हे माहीत नसल्यामुळे. खोली छोटी असते. एक टेबल, दोन खुर्च्या, टेबलाच्या खणात कंडोमची पाकिटं, आणि बहुतेक ठिकाणी कंडोम कसा चढवायचा हे दाखवायला एक लाकडी मॉडेल. ते बघून तरुण पोरं हसतात, मध्यमवयीन माणसं भिंतीकडे बघतात. समुपदेशक दार लावून प्रश्न विचारतात. खरं सांगा. तिथं विचारलेल्या प्रश्नांवरून कोणत्या चाचण्या लागतील ते ठरतं, चारित्र्य ठरत नाही. मग संमतीपत्रावर सही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं ही संमती आवश्यक केली आहे: तुम्हाला समजावून सांगून, तुमची संमती घेतल्याशिवाय ही चाचणी करता येत नाही, आणि निकाल तुमच्या परवानगीशिवाय कोणाला सांगता येत नाही. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. 'मॅडम, घरी फोन तर नाही ना करून राहिले?' हा प्रश्न मला किती वेळा आला असेल. उत्तर नाही असंच आहे.

मग रक्त. रॅपिड किटवर रक्ताचे किंवा सीरमचे थेंब पडतात आणि काही मिनिटांत रेघ उमटते. साधारणपणे एकच रेघ आली म्हणजे किट नीट चाललं आणि निकाल निगेटिव्ह. दुसरी रेघ आली तरी लगेच कोणी 'पॉझिटिव्ह' म्हणत नाही. वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन किटवर तेच रक्त तपासलं जातं आणि तिन्ही जुळले तरच निकाल दिला जातो. खासगी लॅबचा एका चाचणीचा कागद हातात घेऊन कोणी हादरलं असेल, तर त्यानं तो कागद घेऊन सरळ आयसीटीसीत यावं.

चाचणीच्या तारखा

संबंधानंतर चौथ्या दिवशी आलेला निगेटिव्ह रिपोर्ट भिंतीवर फ्रेम करून लावायच्या लायकीचा नसतो. विषाणूशी लढायला शरीर जी प्रतिपिंडं बनवतं ती तयार व्हायला वेळ लागतो. नुसती प्रतिपिंडं बघणारी रॅपिड चाचणी ९० दिवसांनी पक्की धरतात. प्रतिपिंडं आणि प्रतिजन (विषाणूचा अंश) दोन्ही बघणारी लॅबमधली चौथ्या पिढीची चाचणी ४५ दिवसांनी. म्हणून लॅबला विचारा, 'ही कोणत्या पिढीची?' पेप घेतलं असेल तर या तारखा पुढं सरकतात, त्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

सिफिलिससाठी व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही चाचणी, तीही सुरुवातीच्या आठवड्यांत चुकू शकते. हिपॅटायटिस बी आणि सीची चाचणी एकाच रक्तात मागून घ्या. मधले तीन महिने कंडोमशिवाय संबंध नको आणि रक्तदान तर नकोच. चाचणी फुकट होते म्हणून रक्तदान शिबिरात जाणारे महाभाग असतात. त्या पिशवीतलं रक्त कोणाच्या तरी शरीरात जाणार असतं.

लक्षणं, आणि रंगीत पाकिटं

लघवीच्या जागेतून पू किंवा स्राव, जळजळ, जखम, फोड, जांघेत गाठ, बाईच्या ओटीपोटात दुखणं. यासाठी सरकारी रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक असतं, किंवा सरळ त्वचा व गुप्तरोग विभागाची ओपीडी. तपासून, लक्षणांच्या गटावरून तिथं औषधाचं तयार पाकीट मिळतं, आणि प्रत्येक गटाचा रंग ठरलेला आहे: स्रावासाठी राखाडी, योनिमार्गाच्या दाहासाठी हिरवं, जखमेसाठी पांढरं, जखम असून पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर निळं, नागीणसदृश फोडांसाठी लाल, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळं, जांघेतल्या गाठीसाठी काळं. रंग इथं सांगितले ते ओळखीसाठी. मित्राला राखाडीनं बरं वाटलं म्हणून तुम्ही तेच मागायचं नाही. परम्यावर (गनोरियावर) पूर्वी चालणारी कितीतरी प्रतिजैविकं आता चालत नाहीत, आणि अर्धवट डोस खाऊनच ही वेळ आली आहे.

जखमेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही. कडक काठाची, एखादीच, आणि काही न करता तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते. माणूस म्हणतो, गेलं. ती फक्त जखम जाते. जंतू रक्तात राहतो, पुढं तळहात-तळपायावर पुरळ, आणि वर्षांनी हृदय, मेंदू. गरोदर बाईला असेल तर बाळापर्यंत पोचतो. यावर पेनिसिलिनचं इंजेक्शन अजूनही उत्तम चालतं, सुरुवातीच्या टप्प्यात तर एकदाच. न दुखणारी जखम दुखणाऱ्या जखमेपेक्षा लवकर दाखवा.

जोडीदाराचा उपचार हा सगळ्यात जास्त टाळला जाणारा भाग. एकानं औषध घ्यायचं, दुसऱ्याला सांगायचं नाही, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. जोडीदारासाठीही औषध मिळतं. सांगायची हिंमत होत नसेल तर समुपदेशकासमोर सांगा. वाक्य साधं ठेवा: 'मला इन्फेक्शन निघालं, डॉक्टरांनी दोघांनाही औषध घ्यायला सांगितलं.' दोघांचा कोर्स झाल्यावर निदान सात दिवस संबंध नको.

आता नागपूरचं खास दुखणं. एप्रिल-मेमध्ये, आणि पाऊस सुरू झाला की आणखीच, जांघेत खाज, गोल लालसर चट्टा, कडेला बारीक पुरळ. निम्मे लोक हा गुप्तरोग समजून घाबरून येतात. तो बहुतेकदा नायटा असतो, बुरशीचा. घट्ट जीन्स, घाम, दिवसभर बाईकवर. खरी गडबड ही की दुकानातून घेतलेल्या मिश्र मलमात स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र आतून पसरत जाते, चट्टा कंबरेपर्यंत चढतो, कातडी पातळ होऊन पांढऱ्या रेघा पडतात. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर ती जांघेत लावायची नाही. घरात सगळ्यांचे टॉवेल वेगळे, सुती चड्डी, आणि डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध.

बायांसाठी

'अंगावरून पांढरं जाते' ही तक्रार घेऊन बाई येते तेव्हा सोबत सासू असते, आणि बाई काही बोलत नाही. सासूला बाहेर बसवायची जबाबदारी डॉक्टर-नर्सची. पण बाईनंही 'मला एकटीनं बोलायचं आहे' म्हणायला हरकत नाही. थोडा पांढरा, बिनवासाचा स्राव पाळीच्या चक्राप्रमाणे कमी-जास्त होतो, तो आजार नाही. वास मारणारा, हिरवट-पिवळा, दह्यासारखा फुटका, खाज असलेला, संबंधानंतर रक्त, ओटीपोटात दुखणं, हे दाखवायचं. यातल्या प्रत्येकाचा अर्थ नवरा बाहेर जातो असा होत नाही. दह्यासारखा स्राव मधुमेहानं, प्रतिजैविकांनीही होतो. आतून धुवायचे सुगंधी वॉश घेऊ नका. तिथले चांगले जंतू त्यानं मरतात.

आणि काहीच त्रास नसेल तरी? इथं विदर्भातलंच एक संशोधन आठवावं. नागपूरच्या मेडिकलमधून शिकलेले डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. त्याआधी तपासणी आणि उपचार झालेल्या फक्त ८ टक्के. आणि एकूण बायांपैकी ४५ टक्के जणींची काहीही तक्रार नव्हती. त्या काळी बायांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जाई. या आकड्यांनी तो समज मोडला. आपल्यासाठी त्यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट अशी की तक्रार नसणं म्हणजे आजार नसणं नव्हे. तीस वर्षांपुढच्या प्रत्येक बाईनं गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभरानं बघतात, पांढरा डाग उमटला तर पुढं पाठवतात. दुखत नाही, अवघडल्यासारखं वाटतं. पुढची तपासणी मेडिकलमध्ये किंवा तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात होते.

भिंतीवरच्या जाहिराती

रेल्वेतून उतरताना, बसस्टँडच्या मुतारीत, रस्त्याकडेच्या तंबूवर: गुप्तरोग, धातू जाणे, नामर्दी, गॅरंटी. १९५४ च्या औषधी व जादूटोणासदृश उपाय जाहिरात कायद्यानं नपुंसकतेवर, गुप्तरोगावर औषधाची अशी जाहिरात करायलाच बंदी आहे. म्हणजे जाहिरात दिसली हाच फसवणुकीचा पहिला पुरावा. स्वप्नात वीर्य जाणं, लघवीसोबत कधी चिकटसर जाणं, यानं कमजोरी येत नाही. ताठरता येत नसेल तर मात्र त्याला हलकं घेऊ नका आणि लाजूही नका: चाळिशीच्या पुढे ती मधुमेहाची किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराची पहिली खूण असू शकते. साखर, रक्तदाब तपासा. बिनलेबलच्या पुडीत काय मिसळलंय कोणाला माहीत नसतं, आणि हृदयासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्यानं ताठरतेची गोळी घेतली तर रक्तदाब इतका कोसळतो की जीवावर बेततं.

बचाव

कंडोमबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, फक्त तो कुठं ठेवायचा ते नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढं जातो, आणि उन्हात उभ्या स्कूटीच्या डिक्कीत त्याहून जास्त. तिथं महिनाभर पडलेलं पाकीट वापरायचं नाही. मागच्या खिशातल्या पैशाच्या पाकिटात दबलेलंही नाही. कपाटात, सावलीत, कोरडं. वापरताना तारीख बघा, पाकीट दाबून आत हवेचा फुगा जाणवतो का ते बघा, दातानं फाडू नका. टोक चिमटीत धरून हवा काढा, मगच पूर्ण उलगडा, आणि झाल्यावर ताठरता असतानाच बुडाशी धरून बाहेर घ्या. खोबरेल तेल, व्हॅसलीन, क्रीम यांनी लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं. पाण्याचं वंगण वापरा. आयसीटीसीत कंडोम फुकट मिळतात, मागायचे फक्त.

हिपॅटायटिस बीची लस मोठेपणीही घेता येते, तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांनी. एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग करणाऱ्या विषाणूवरची, लस पहिल्या संबंधाआधी दिली तर सगळ्यात उपयोगी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ९ ते १४ वयात दोन डोस, १५ ते २६ मध्ये तीन. लस घेतलेल्या मुलीनं पुढं गर्भाशयमुखाची तपासणी करायचीच आहे.

ज्यांना वारंवार जोखीम आहे, उदाहरणार्थ जोडीदाराला एचआयव्ही आहे आणि त्याचा उपचार नुकताच सुरू झालाय, त्यांनी डॉक्टरांशी प्रेपबद्दल बोलावं: संबंधाच्या आधीपासून घ्यायची गोळी, एचआयव्ही नसल्याची खात्री करूनच सुरू होते.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर

त्याच दिवशी, त्याच इमारतीतल्या किंवा जवळच्या एआरटी सेंटरला नोंदणी. २०१७ पासून सीडी-४ (रोगप्रतिकारशक्तीच्या) पेशी किती आहेत याची वाट न पाहता सगळ्यांना उपचार सुरू होतात, मोफत, बहुतेकांना दिवसाला एक गोळी. क्षयरोगाची तपासणी सोबत होते. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे, ते बघतात. तो चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला तर लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. हे सांत्वनासाठी बोललेलं नाही. २०११ मध्ये निष्कर्ष आलेल्या एचपीटीएन ०५२ या मोठ्या अभ्यासानं उपचार लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते हे दाखवलं, आणि त्या अभ्यासात पुण्यातली जोडपीही होती. लग्न होतं, मूल होतं, नोकरी राहते. एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढणं कायद्यानं चालत नाही.

अठराखालच्यांसाठी

वयात येण्याचे प्रश्न घेऊन सरकारी रुग्णालयातल्या 'मैत्री' क्लिनिकमध्ये जाता येतं. चाचणीला पालकांची संमती लागते. आणि हे आधीच सांगितलेलं बरं: अठरा वर्षांखालच्या मुलीशी किंवा मुलाशी संबंध आल्याचं कळलं तर पोक्सो या बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानं ते पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. पण त्यापायी उपचार नाकारले जात नाहीत.

संशोधनात भाग घ्यायला सांगितलं तर

मोठ्या रुग्णालयात कधीतरी कोणी म्हणेल, 'आमचा अभ्यास सुरू आहे, नाव देता का?' घाबरून पळू नका आणि डॉक्टर म्हणाले म्हणून सहीही करू नका. आपल्याला आज मिळणारं बरंचसं ज्ञान अशाच लोकांच्या सहीवर उभं आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायांवर झालेल्या अभ्यासानं २००९ मध्ये दाखवलं की आयुष्यात एकदा केलेली एचपीव्ही चाचणीही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू घटवते. त्याच अभ्यासात तुलनेसाठी ठेवलेल्या गटाची अशी तपासणी झाली नव्हती, आणि त्यावरून पुढं नैतिकतेचा मोठा वाद झाला. दोन्ही बाजू माहीत असाव्यात. २०२४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासात एचआयव्ही होऊ नये म्हणून वर्षातून दोनदा द्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनच्या गटातल्या २,१३४ बायांपैकी एकीलाही एचआयव्ही झाला नाही, तेही सहभागी व्हायला तयार झालेल्यांमुळेच कळलं.

विचारायचं ते असं. माहितीपत्रक मराठीत आहे का, घरी नेऊन वाचता येईल का? नैतिकता समितीची मंजुरी आहे का? औषधाची चाचणी असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीतला क्रमांक काय? मला औषध मिळेल की तुलनेच्या गटात टाकाल, आणि तुलनेच्या गटाला काय मिळतं? काही अपाय झाला तर खर्च कोणाचा? मधूनच सोडलं तर माझे नेहमीचे उपचार चालू राहतील ना? या शेवटच्या प्रश्नाला 'हो' हेच उत्तर आलं पाहिजे. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मागून घ्या, त्यावर संशोधकाचा आणि नैतिकता समितीचा फोन नंबर असतो. प्रत देत नसतील तर सही करू नका.